टिकेल का ती?

(संघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. सभेनंतर बऱ्याच जणींनी ‘ते गोष्टीचं भाषण छापा’ असा आग्रह धरला, म्हणून इथे देत आहोत. – संपादक मंडळ)



अहवाल वाचून झाला, जमाखर्च मंजूर झाला, चहा अजून यायचाय. अध्यक्षताईंनी मला पंधरा-वीस मिनिटं दिलीत आणि विषय दिलाय ‘गटातील नवीन सदस्य’. मी त्याच विषयावर बोलणार आहे, पण एका लहान मुलांच्या पुस्तकातून. हसू नका. फिरून गटावरच येते मी.

समाजकार्याचं शिकत असताना आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात खालच्या कप्प्यात मला हे पुस्तक सापडलं. इंग्रजी पुस्तक, जेमतेम साठ पानांचं. खरं सांगते, बारीक होतं म्हणूनच उचललं. माझं इंग्रजी काही फार चांगलं नाही, म्हटलं एवढं तरी पुरं होईल. शब्दकोश मांडीवर घेऊन चार रात्री वाचलं. पुस्तकाचं नाव ‘सारा, प्लेन अँड टॉल’. म्हणजे सारा, दिसायला साधी आणि अंगानं उंच. लिहिणाऱ्या बाईंचं नाव पॅट्रिशिया मॅकलाखलन. १९८५ साली पुस्तक निघालं आणि पुढच्या वर्षी त्याला अमेरिकेतला मुलांच्या पुस्तकांचा मोठा मान, न्यूबेरी पदक मिळालं.

आता गोष्ट ऐका. ही घोडागाडीच्या काळातली आहे. अमेरिकेत मधल्या भागात मैलोन् मैल गवताचा माळ आहे. नजर जाईल तिकडं गवत आणि वर आभाळ. शेजारचं घरसुद्धा लांब. तिथे जेकब नावाचा शेतकरी राहतो. त्याला दोन लेकरं, थोरली ॲना आणि धाकटा केलेब. केलेब जन्मला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आई गेली. तेव्हापासून घरातलं गाणं बंद झालं. आई असताना बाप गायचा, आई गायची. आता बाप म्हणतो, ती जुनी गाणी विसरलोय. केलेबनं आईला बघितलेलंच नाही, म्हणून तो बहिणीच्या मागं लागतो, आई कशी होती सांग, कुठलं गाणं म्हणायची सांग. आणि ॲना, जी स्वतः अजून लहान पोर आहे, ती भाकरी... म्हणजे त्यांचा पाव भाजते, भावाला सांभाळते आणि तीच तीच गोष्ट रोज सांगते.

अशी घरं आपल्या गावात नाहीत का? आहेत. चूल पोरीच्या गळ्यात पडलेली घरं आपण सगळ्यांनी बघितलीत.

मग बाप काय करतो? वर्तमानपत्रात जाहिरात देतो, बायको पाहिजे म्हणून. त्या काळी तिकडं माळावर जमीन कसायला गेलेले पुरुष पुष्कळ आणि बायका कमी, म्हणून जाहिरात देऊन, पत्रानं बोलणी करून लग्नं जमायची. त्याच्या शेजाऱ्याचं लग्नही असंच झालेलं असतं. आपल्याकडं बिजवराला मुलगी बघतात ना, तसंच हे. फक्त मध्यस्थ मामाच्या जागी पोस्टमन.

या जाहिरातीला लांबून, समुद्रकाठच्या मेन नावाच्या राज्यातून उत्तर येतं. लिहिणारी सारा. भावाच्या घरी राहत असते. भाऊ मासेमार. आता त्या भावाचं लग्न ठरलंय, घरात नवी बाई येणार. यापुढचं मी सांगायला नको, तुम्हाला समजलं. भावाच्या संसारात बहिणीची जागा किती आखडते ते आपल्याला पुस्तकातून शिकायची गरज नाही.

पण तिनं पत्र कसं लिहिलंय ते बघा. मी गरीब आहे, गुणी आहे, पदरात घ्या, असं एक अक्षर नाही. उलट लिहिते की मी कष्टाळू आहे, अंगात ताकद आहे, पण माझा स्वभाव मवाळ नाही. वर मुलांची चौकशी करते. मुलंही तिला पत्रातून प्रश्न विचारतात. वेणी घालता येते का? पाव भाजता येतो का? झोपेत घोरतेस का? ती सगळ्याची नीट उत्तरं देते. स्वयंपाक येतो म्हणते, पण त्यापेक्षा फळ्या ठोकून पुस्तकांचं कपाट करायला आणि रंगकाम करायला जास्त आवडतं, हेही कळवून टाकते.

आणि शेवटी कळवते, मी महिनाभरासाठी येईन. राहून बघेन.

मैत्रिणींनो, मी इथे पुस्तक खाली ठेवलं होतं. ‘महिनाभर बघू’ हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलंय. पण बाईच्या तोंडून कधीच नाही. बाईबद्दल ऐकलंय. नवी सून आली, महिनाभर बघू कशी वागते. दुसरेपणाची आणली, वर्षभर बघू टिकते का. इथं बाईच म्हणतेय की मी तुम्हाला बघायला येतेय. तुमचं घर कसं, मुलं कशी, तुम्ही माणसं कशी, ते मी बघणार आणि मग ठरवणार.

सारा येते. पिवळी टोपी घालून, मांजर घेऊन. मांजराचं नाव सील, म्हणजे एक समुद्रातला प्राणी. पोरांसाठी भेट काय आणते? ना कपडे, ना खाऊ. शिंपले आणि समुद्रानं घासून गुळगुळीत केलेला दगड.

आणि मग ती कामाला लागते. फुलं खुडून वाळवायला टांगते. केलेबचे केस कापते आणि कापलेले केस अंगणात टाकते, पाखरांना घरटं करायला. शेजारीण कोंबड्या आणून देते खायला, तर ही त्यांना नावं ठेवते, मग कसल्या खाताय! वादळ यायच्या आधी घराचं छप्पर दुरुस्त करायचं असतं. ही नवऱ्याची – अजून नवरा झालेला नाही बरं का – विजार चढवते आणि हातोडा घेऊन छपरावर जाते. बायका असली विजार घालत नाहीत असं तिला ऐकवलं जातं. ती सांगते, ही बाई घालते. विषय संपला.

पण एवढं सगळं करताना ती आतून झुरत असते. समुद्र नाही. इकडं तिकडं नुसतं गवत. मुलांच्या ते लक्षात येतं. बापाच्याही येतं. तो फार बोलणारा गडी नाही. तिकडं वाळूच्या टेकाडावरून घसरायचो असं तिनं सांगितल्यावर तो तिला आणि पोरांना कोठाराजवळ घेऊन जातो. तिथे गवताची भली मोठी गंज असते. तो म्हणतो हेच आपलं टेकाड. आणि मग सगळे त्या गंजीवरून घसरतात. त्यानं तिला समुद्र आणून दिला नाही, कुठून देणार? पण तिला कशाची आठवण येते ते त्यानं ऐकून घेतलं आणि आपल्याकडं जे होतं त्यातून काहीतरी केलं.

तिच्यासारखीच जाहिरातीवर आलेली शेजारीण मॅगी तिला समजावते की कुठंही गेलं तरी कशाची ना कशाची आठवण येतच राहते. आणि ती येताना साराच्या अंगणात लावायला रोपं घेऊन येते. झेंडूची आणि आणखी कसली कसली. आपल्या गटात मॅगी व्हायला पाहिजे, हे तेव्हाच मी वहीत लिहून ठेवलंय.

आता थोडं माझ्या घरचं सांगते. हे मी आजपर्यंत कुठल्या सभेत बोललेले नाही.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा माझी आई गेली. भाऊ चार वर्षांचा. दीड वर्षानं वडिलांनी दुसरं लग्न केलं. ती आली मावळपट्ट्यातून, भातशेतीतून. आमचं गाव ज्वारीचं. तिचं पहिलं लग्न मोडलेलं होतं, आणि ते आमच्या गावात ती यायच्या आधी येऊन पोचलं होतं. आजी शेजारणीला सांगायची, बघू, टिकते का. आम्ही पोरं तिला मावशी म्हणायचो.

तिनं आमच्या डोक्यातल्या उवा काढल्या, माझे शाळेचे दाखले तिनं तालुक्याला चकरा मारून आणले, भावाला पावसाळ्यात दर वर्षी दम लागायचा तेव्हा रात्र रात्र तो तिच्या मांडीवर बसून असायचा. आणि आम्ही? ताटात भाकरीबरोबर थोडा भात तिला लागायचा, तर आजी तिला ‘भातखाऊ’ म्हणायची आणि आम्ही हसायचो. पुढं पुढं तिनं भात मागायचं सोडून दिलं. मला वाटलं, सवय झाली.

पुस्तक वाचून संपलं त्या रात्री मी हॉस्टेलवरून तिला फोन केला. विचारलं, मावशी, तुला तिकडचं काय आठवतं गं? फोन बराच वेळ गप्प. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाली, लावणीच्या दिवसांत खाचरात पहिलं पाऊल टाकलं की गार चिखल घोट्यापर्यंत चढायचा, ते आठवतं. आणि रात्री बेडकांचा आवाज. इकडं बेडूकसुद्धा ओरडत नाहीत. एवढं बोलून लगेच विचारते, का गं, तुला बरं नाही का, पैसे संपले का?

तेरा वर्षं ती आमच्या घरात होती. तेरा वर्षांत तिला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आम्ही सगळे एकच प्रश्न विचारत होतो, टिकेल का ती?

आपल्या गोष्टींतली सावत्र आई कायम राक्षसीण असते. पोरांना उपाशी ठेवणारी, चटके देणारी. असतीलही तशा काही. पण जिनं दुसऱ्याचं मोडलेलं घर उभं केलं तिची गोष्ट कुणी सांगत नाही. मॅकलाखलन बाईंनी ती सांगितली, कारण त्यांच्याच घराण्यात पूर्वी अशी एक बाई मेनहून लग्नासाठी आली होती. त्यांच्या आईनं त्यांना ते सांगितलेलं. आणि आणखी एक, त्या बाई स्वतः माळरानावर वाढलेल्या. पुढं दुसरीकडं राहायला गेल्या तेव्हा आपल्या माळाची माती एका छोट्या पिशवीत बरोबर बाळगायच्या. माहेरची माती! एवढी मोठी लेखिका, पदक मिळालेली, पण माती पिशवीत. ते वाचून मला त्या एकदम आपल्यातल्या वाटल्या.

गोष्टीचा शेवट सांगते. सारा गाडी हाकायला शिकते. का, तर तिला एकटीला शहरात जाता आलं पाहिजे. आणि एक दिवस खरंच एकटी गाडी घेऊन शहरात जाते. पोरं दिवसभर वाट बघतात. केलेबला वाटतं ती आगगाडीचं तिकीट काढायला गेली. त्याला वाटतं आपलं घर फार लहान आहे, आपण फार दंगा करतो, म्हणून ती जाणार. बघा, पोरगं स्वतःत खोट शोधतंय. आपल्या घरात सून माहेरी गेली तर खोट कुणात शोधतात?

दिवस मावळताना धूळ उडते. गाडी परत येते. सारा पुडी उघडते. त्यात रंगीत पेन्सिली. निळी, राखाडी, हिरवी. समुद्राचे रंग.  तेवढ्यासाठी गेली होती. पोरांना ती समजावते की जुन्या घराची आठवण तर येतच राहणार, पण तुम्ही नसलात तर तुमची आठवण त्याहून जास्त येईल. म्हणजे ती राहते. पण माहेर पुसून टाकून नाही, तीन पेन्सिली बरोबर घेऊन.

आता गटावर येते. म्हटलं होतं ना, येईन म्हणून.

माझ्याकडच्या एका गटाचं सांगते. गाव सांगणार नाही, आणि जिच्याबद्दल सांगतेय तिला विचारूनच सांगतेय. त्या गटातली एक ताई कुटुंबासोबत पुण्याला गेली, जागा मोकळी झाली. गावात आठ महिन्यांपूर्वी दुसरेपणावर आलेली एक बाई म्हणाली, मला गटात घ्या. शिलाई येते, दोन शेळ्या आहेत, बचत वेळेवर भरीन. बैठकीत चर्चा झाली. ‘नवीन आहे, वर्षभर टिकते का बघू. कर्ज घेऊन माहेरी निघून गेली तर वसुली कुणाकडून करायची?’ इतिवृत्तात लिहिलं, विषय पुढील बैठकीत. पुढच्या बैठकीतही तेच लिहिलं. त्याच्या पुढच्याही.

आणि मी तिथंच बसलेले होते. हे पुस्तक वाचलेली, मावशीला फोन केलेली मी. मी काही बोलले नाही. मला उशीर होत होता, शेवटची एस. टी. गाठायची होती. आणि मनात असंही होतं की गटाची वसुली चांगली आहे, कशाला बोट लावा. माझ्या अहवालात मी लिहिलं, एक जागा रिक्त.

मग पावसाळ्यात त्या घरातला धाकटा मुलगा आजारी पडला. तापानं फणफणला, दवाखान्यात ठेवावं लागलं. नवरा ऊसतोडीच्या उचलीत आधीच अडकलेला. त्या बाईनं गावातल्या एका सावकाराकडून पैसे काढले, महिना शेकडा पाच रुपये व्याजानं, स्वतःचे कानातले गहाण ठेवून. त्याच आठवड्यात आपल्या गटाच्या खात्यात पैसे पडून होते, शेकडा दोनचे.

ताईंनो, जी पळून जाईल म्हणून आपण दारात उभी ठेवली, तिनं कर्ज काढलं ते माहेरी जायला नाही. त्या घरातल्या पोरासाठी काढलं. जे पोर तिच्या पोटचंसुद्धा नव्हतं.

पोरगं बरं झालं. गेल्या महिन्यात गटानं तिला सदस्य करून घेतलं. गटातल्याच एका वयस्कर मावशीनं विषय लावून धरला, मी नाही, तेही प्रामाणिकपणे सांगते. पण सावकाराचं अजून फिटलेलं नाही. दर महिन्याला ती जे व्याज भरते, त्यातला काही भाग माझ्या गप्प बसण्याचा आहे असं मला वाटतं.

वसुलीची काळजी चुकीची नाही. गट आपल्या घामाच्या पैशावर उभा आहे, विचार करूनच कर्ज द्यायचं. पण त्यासाठी आपल्याकडं नियम आहेत. बचत नियमित आहे का बघा, बैठकीला हजेरी बघा, पहिलं कर्ज लहान द्या, हप्ता बांधून द्या. हे सगळ्यांना सारखं लावा. ती कितव्या लग्नाची, कुठून आली, पोटचं मूल आहे की नाही, हा नियम आपल्या कुठल्याच वहीत लिहिलेला नाही. तो आपण मनात लिहून ठेवलाय.

आणि बाई टिकावी असं वाटत असेल तर तिला टिकायला काहीतरी द्यायला हवं. या गोष्टीचा पुढचा भाग आहे, १९९४ साली निघालेला, ‘स्कायलार्क’. त्यात दुष्काळ पडतो. विहिरी आटतात, कोठार जळतं, शेजारपाजारची माणसं गाव सोडून जातात. तेव्हा साराच्या मनात सल असते की पुरुषांची नावं या जमिनीत लिहिलेली आहेत, माझं नाही. शेवटी पाऊस येऊन गेल्यावर ती काठी घेते आणि मातीत आपलं नाव लिहिते.

मातीत काठीनं लिहिलेलं नाव आपल्याकडं चालत नाही, आपल्याकडं ते सातबाऱ्यावर लागतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालवली होती, तुमच्यातल्या थोरल्या मावश्यांना आठवत असेल. पुढं १९९२ साली शासनाचीही लक्ष्मी मुक्ती योजना आली. नवऱ्यानं स्वखुशीनं तलाठ्याकडं अर्ज दिला तर त्याच्या जमिनीच्या उताऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागू शकतं. तसंच ग्रामपंचायतीत घराच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर दोघांचं नाव लावता येतं. हे इथल्या किती जणींनी केलंय? हात वर करा. (हात मोजून) अकरा. एवढ्या मोठ्या सभेत अकरा.

माझ्या मावशीचंही नाव अजून लागलेलं नाही. मी दिवाळीत अर्ज भरून घरी ठेवून आलेय. वडील म्हणतात, बघू. बघू हा शब्द आमच्या घरात फार जुना आहे. पण मीही पाठ सोडणार नाही.

तर आजच्या विषयावर माझं म्हणणं तीन गोष्टींत सांगते आणि बसते.

एक, ज्या गटात जागा रिकामी आहे त्यांनी या महिन्यात गावात बघा, कोण बाहेर उभी आहे. दुसरेपणाची, नवऱ्यानं सोडलेली, विधवा, नुकतीच लग्न होऊन आलेली. तिला निरोप पाठवू नका, स्वतः जाऊन बोलवा. ‘विषय पुढील बैठकीत’ असं दोनदा लिहिलं गेलं तर तिसऱ्या बैठकीला मला बोलवा. शेवटची एस. टी. गेली तरी चालेल, तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरी राहीन.

दोन, उताऱ्याचा विषय ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत पहिल्या क्रमांकावर घ्या. अर्जाचा नमुना मी आणून देते.

तीन, यात पैसा लागत नाही. आज घरी गेल्यावर सुनेला, जावेला, सासूला, जी कुणी बाहेरून तुमच्या घरात आली आहे तिला एवढंच विचारा, तुला तिकडचं काय आठवतं? आणि ती सांगेल ते ऐकून घ्या. लगेच उत्तर मिळालं नाही तर थांबा. रेंज गेलेली नसते.

आमच्या घरी आता रविवारी भात होतो. मावशी शिजवत नाही, माझा भाऊ शिजवतो. कधी कधी गिचका करतो. ती खाते आणि म्हणते, आमच्याकडं असा नव्हता. तिनं असं म्हणावं म्हणूनच तो करतो.

चहा आलाय.